वावराखालचं पाणी

ती बाई मला राजुऱ्याच्या सरकारी कचेरीत सुनावणीला दिसली. शेजारच्या कोळसा खाणीला तिच्या वावराखालून बोगदा न्यायचा होता. तिचं नाव मी विचारलं नाही. लक्षात राहिला तो कडेवरचा पाण्यानं भरलेला पितळी गुंड आणि पदरानं पेला पुसायची तिची पद्धत.

खाणीचे साहेब म्हणाले, "वावर तुमचंच राहील, बाई. खालचा कोळसा तेवढा आमचा."

"आधी पाणी पेऊन घ्या, मंग बोलू."

आमच्याकडं दारी आलेल्याला पाणी दिल्याशिवाय कोणी बोलत नाही. ही कचेरीतही तशीच वागली. साहेबांनी एक पेला संपवून दुसरा मागितला. तो भरताना ती म्हणाली, "गोड हाय ना? माह्या विहिरीचं हाय. खालून बोगदा गेला का हे सारं तुमच्या खाणीत उतरते. कोळसा तुमचा, मंग पाणी कोणाचं?"

साहेबांनी भरलेला पेला तसाच टेबलावर ठेवला. निकाल बाईच्या बाजूनं लागला आणि बोगद्याला वळसा घ्यावा लागला.

भर उन्हाळ्यात मी मुद्दाम तिकडं गेलो. विहीर भरलेली होती. अभिनंदन करायला तोंड उघडलं, तर तिनं हातानंच मला थांबवलं आणि पदरानं पेला पुसला.

"आधी पाणी," ती म्हणाली.