भुऱ्याची शांतता

कुत्र्याला एकटे राहण्याची सवय टप्प्याटप्प्याने लावावी, असे मला सांगण्यात आले होते. त्यामुळे महिनाभर मी रोज दार ओढून घेऊन, घड्याळ पाहत जिन्यात उभी राहत असे. प्रथम दोन मिनिटे, मग पाच, मग दहा. आत भुऱ्या भुंकत राही. हे थांबले नाही, तर कुत्रा दुसरीकडे द्यावा लागेल, असे सोसायटीने कळवले होते.

आज वीस मिनिटे आतून आवाज आला नाही. जिना उतरताना शेजारच्या वहिनी थबकल्या.

"बाई, तुमचा हा विद्यार्थी पास झाला म्हणायचा. तुमच्या वर्गात आमच्या पोरांना काही जमलं नव्हतं हे गप्प बसणं."

मी हसून दार उघडले.

भुऱ्या भिंतीकडे तोंड करून पडला होता. त्याने एकदा माझ्याकडे पाहिले आणि मान पुन्हा फिरवली. शेपूट हलले नाही.

आयुष्यभर मी गप्प बसलेल्या वर्गाला शिकलेला वर्ग समजत आले. बोलावूनही कोणी येत नाही, एवढेच त्यातली काही मुले शिकली असतील.

भुऱ्याला आता कुठे पाठवावे लागणार नाही. मी त्याच्याशेजारी फरशीवर बसले आणि त्याने एकदा तरी भुंकावे म्हणून वाट पाहत राहिले.