डिंपनाच्या बासरीतलं पाणी

"बेडूक बसलाय त्या बासरीत, बेडूक! दोन ओळी बऱ्या जातात आणि तिसरीला डराव!"

"हळू बोल मॅलकी, चर्चमध्ये उभा आहेस."

"फिंटनच्या पहिल्या पुण्यतिथीच्या मिस्सेला मी ते ऐकून घेणार नाही, नोनी. त्याची आवडती चाल आहे ती. मी वाजवतो."

"बायको ती आहे त्याची. तू नाहीस."

"ओल्या तोंडाची आहे ती! काहींना लाळच फार. त्याला औषध नाही."

पेटीवाली नोनी आणि मॅलकी यांचं हे भांडण दाराआड डिंपनाच्या कानावर पडलं. वेदीवरची इस्त्री केलेली चादर तिच्या हातात होती. ती तिनं खुर्चीवर ठेवली, घडी नीट केली, आणि घरापर्यंत वाटेतल्या एकेका कुंपणाला शिव्या देत गेली.

लाळ म्हणे! चार पोरं वाढवली, म्हातारी सासू शेवटपर्यंत सांभाळली, तोंडातून कधी वावगा शब्द गळला नाही, आणि आता लाळ गळते होय!

फिंटन गेला तेव्हा त्याची पत्र्याची बासरी घरात राहिली. वर्षाच्या मिस्सेला, चर्चमधल्या त्याच्यासाठीच्या प्रार्थनेत, त्याची चाल आपणच वाजवायची, हे डिंपनानं मनाशी धरलं होतं. मॅलकी त्याचा जन्माचा सोबती, म्हणून शिकायला त्याच्याकडे गेली. बोटं बसली, श्वास बसला. पण जरा वाजवलं की तोंडात धरायच्या चोचीतल्या फटीत पाणी साचायचं आणि सूर गुदमरायचा. मॅलकी डोळे मिटून मान हलवायचा. कसं काढायचं ते पाणी, हे काही सांगायचा नाही. तिनं टोपीची पिन घालून पाहिली, कोंबडीचं पीस घालून पाहिलं. पाणी आपलं तिथंच.

एकट्या मॅलकीला रविवारचं ताट पोचवायची रीत फिंटनच्या वेळेपासूनची. त्या रविवारी तिनं मांस, कोबी, बटाटे वाढले, वर फडकं टाकलं. आज याला सुनवायचंच म्हणून बासरी अंगातल्या लोकरी स्वेटरच्या आत खुपसली आणि तरातरा निघाली.

"धर!" तिनं ताट टेबलावर आदळलं. "गिळायच्या आधी ऐक."

आणि उभ्या उभ्या वाजवायला लागली. रागानं. पहिली ओळ, दुसरी, तिसरी. बेडूक नाही. चाल पूर्ण संपली तेव्हा तिची तिलाच भीती वाटली.

मॅलकी काटा हातात धरून तसाच. "आज लोकरीतून काढलीस. एरवी कुठं ठेवतेस तू ही?"

"बैठकीत. येशूच्या तसबिरीखाली, दिव्यापाशी. मानाची जागा आहे ती."

"बैठकीत? फादर आल्याशिवाय किंवा कुणी मेल्याशिवाय जिथं शेगडी पेटत नाही, त्या खोलीत? अगं, तिथं तर उंदीरही कोट घालून फिरतात! गार पत्र्यात ऊन श्वास घातला की पाणी होणारच. फिंटन काखेत धरून ऊब द्यायचा तिला. आम्ही सगळेच देतो."

"मग सांगितलं का नाहीस?"

"मला वाटलं, एवढं तर कुणालाही..."

"वाटलं! इतके दिवस मी पिना घालतेय, कोंबड्यांची पिसं उपटतेय, आणि हा चर्चमध्ये माझ्या लाळेची दवंडी पिटतोय! तुला वाटलं नाही, मॅलकी. तुला सोयीचं झालं. मी बुडाले की तूच वाजवणार होतास."

"माझाही मित्र गेला, डिंपना," मॅलकी ताटाकडे बघत पुटपुटला.

"मग तसं म्हणायचं. बाईच्या तोंडावर ढकलायचं नाही." आणि ती दार आपटून गेली.

मिस्सेला तिनंच वाजवलं. काखेतून काढून, ऊबदार. पण चर्चमधला गारठा काही ऐकेना. शेवटाकडे सूर पुन्हा जड झाला. डिंपना थांबली. चोचीवरच्या खिडकीवर, सूर निघतो त्या भोकावर, बोट दाबलं आणि अशी फुंकली की पाणी फुस्सकन बाहेर उडालं. मागच्या बाकावर कुणीतरी हसलं. तिनं तिकडं एकदा बघितलं, हसू तिथंच विझलं, आणि चाल पुरी केली. नोनीनं पेटीवर डोकं टेकून डोळे पुसले.

मॅलकीला तिनं माफ मात्र केलं नाही. त्यानं दोनदा माफी मागितली. "ऐकलं," एवढंच म्हणाली. त्याच्याबरोबर पुन्हा कधी वाजवलं नाही, आणि रविवारचं ताटही कधी चुकवलं नाही. राग वेगळा, भूक वेगळी.

पुढं काही वर्षांनी डिंपना वारली; त्याच्या आधीच्या रविवारी पाऊस होता. डिंपना फडक्याखाली ताट घेऊन आली.

"आत ये ना जरा," मॅलकी म्हणाला.

"कशाला? मागचं ताट दे."

त्यानं दिलं. तिनं ते उजेडात धरून बघितलं. "ह्याला धुणं म्हणतोस? कोबी चिकटलाय अजून. आणि हे गरम आहे तोवर खा, बडबडत बसू नकोस."

ताट काखेत मारून ती पावसात घराकडे निघाली.