वाढत्या मापाची बंदूक

बहारीनमध्ये रिफा गावाच्या पुढे, वस्ती संपते तिथे मातीच्या तबकड्या हवेत उडवून छर्‍याच्या बंदुकीने फोडण्याचा क्लब आहे. बंदूक घरी न्यायची नसते. एक निवडायची आणि वर्षभर तीच वापरायची. माझ्या सोळा वर्षांच्या मुलीला नवशिक्यांच्या तुकडीत जागा हवी होती. ती अंगाने बारीक, उंचीने माझ्या खांद्याएवढी. चाचणी शुक्रवारी सकाळी होती.

प्रशिक्षक बाई बहारीनच्याच. त्यांनी मुलीचा हात कोपरात वाकवला, बंदुकीचा दस्ता तिथे टेकवला आणि बोट चापापर्यंत सहज पोचतं का ते पाहिलं. मग आखूड दस्त्याची, किंचित जड अशी वीस बोरची बंदूक बाजूला काढली. वजनामुळे धक्का कमी बसतो, हे त्यांनी समजावून सांगितलं.

नवऱ्याने सोबत सीफमधल्या ऑफिसातला मित्र आणला होता. मित्राने कॉलेजात एनसीसीची रायफल चालवली होती. तेवढ्या भांडवलावर त्याने बाईंची निवड नामंजूर केली आणि मोठ्या काडतुसाच्या बारा बोरमधली सगळ्यात हलकी बंदूक उचलली. मुलीच्या जातीला हलकीच बरी, असं त्याचं म्हणणं. दस्ता लांब आहे, हे मी दाखवून दिलं.

"वहिनी, वाढतं अंग आहे. युनिफॉर्म आपण बेताचा घेतो का?"

नवरा हसला. पालक म्हणून शब्द त्याचा चालला. बाईंनी दोनदा हरकत घेतली, मग मुलीच्या मागे आधाराला हात पुढे करून उभ्या राहिल्या.

दस्ता खांद्यावर बसेना, दंडावर टेकला. तोल सांभाळायला मुलगी मागे झुकली. बार उडाला तशी ती बाईंच्या हातांवर आदळली. तबकडी न फुटता वाळूत पडली. मित्र मोबाइलवर चित्रण करत होता. "यल्ला, चल, अजून एक," तो म्हणाला. त्याच्या दातांत मघाच्या सामोशाची कोथिंबीर अडकली होती. माझा नवरा मोबाइलमध्ये डोकावून हसत होता. मला दोघांचीही शिसारी आली.

मुलीने बंदूक उघडून रिकामी केली आणि बाईंकडे दिली. दंड लाल झाला होता. वीस बोरची मिळेल का, असं तिने बाईंनाच विचारलं. वडिलांकडे पाहिलंही नाही.

त्या बंदुकीने तिने पहिली तबकडी चुकवली, पुढच्या दोन फोडल्या. मित्राने हे चित्रित केलं नाही. तो म्हणाला, "ही तर खेळण्यातली." आम्ही गाडीत बसेपर्यंत तिच्या कोसळण्याचं चित्रण इथल्या मराठी मंडळाच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर फिरत होतं. खाली हसणारे चेहरे होते, त्यात एक नवऱ्याचा.

जागा मिळाली होती. परतीच्या रस्त्यावर सनद गावचा फाटा आला तेव्हा नवऱ्याने पुढच्या शुक्रवारी किती वाजता निघायचं ते विचारलं.

"आई सोडेल मला," मुलगी म्हणाली. एरवी ती आम्हाला इंग्रजीतच उत्तर देते, आज मराठीत दिलं. "तुम्ही येऊ नका, बाबा."