मनीषाच्या ताटात काय आलं?

"मॅडम, महिलाओं को न्यूट्रिशन की जानकारी ही नहीं है. अवेअरनेस चाहिए!" आमचे दिल्लीचे चेअरमन माथुरसाहेब तिसऱ्यांदा म्हणाले आणि काजूची बशी स्वतःकडे ओढली.

वरळीच्या ऑफिसात राष्ट्रीय पोषण धोरणाचा मसुदा चालू होता. परळच्या एका हॉस्पिटलातून रिटायर झालेली डाएटिशियन म्हणून मी कमिटीवर होते. सगळ्यात जाड चॅप्टर जनजागृतीचा. पोस्टर, पथनाट्य, व्हॅन.

"सर, काळाचौकीला येता? जवळच आहे."

"और मेरी सरकारी गाडी का प्रोटोकॉल?" साहेबांनी विचारलं.

"टॅक्सी."

मनीषा गावडे माझी जुनी पेशंट. चाळीत एक खोली. नवरा, सासू, दोन मुलं. हिमोग्लोबिन कायम तळाला. साहेबांनी परीक्षाच घेतली. "आयर्न किस में होता है, मालूम है?"

"पालेभाजी, नाचणी, सुका जवळा. ऊपर से लिंबू मारनेका, तभी अंग को लगता है. और खाने के साथ चाय नहीं."

साहेब माझ्याकडे बघायला लागले. मी जिंकले होते. तिथेच उठायला हवं होतं.

पण सवय. आम्हा डाएटिशियन लोकांत 'चोवीस तासांचा रिकॉल' असतो, म्हणजे पेशंटने कालपासून काय काय खाल्लं ते विचारायचं. ज्या सर्व्हेवर आमचा मसुदा उभा होता त्यात मात्र घरात काय शिजलं तेच लिहून घेत.

"काल काय केलंस गं?"

"मेथी, चपाती, वरणभात. अंडी उकडली."

"परफेक्ट डाएट!" साहेब म्हणाले.

"आणि तुझ्या ताटात काय आलं?"

ती हसली. "भात होता ना. वरणाचं पातेलं पुसून घेतलं. अंडी पोरांना नि ह्यांना."

कोपऱ्यातून सासूबाई म्हणाल्या, "मी सांगतंय हिला, आधी जेव. ऐकत नाय."

"आई, तुम्ही कधी जेवलात आधी?"

सासूबाई लसूण सोलायला लागल्या. कितीतरी वर्षं मी हिला डाएट चार्ट देत होते आणि रिकॉल घेताना मीही 'काय केलंस' एवढ्यावरच थांबत होते.

टॅक्सीत साहेब म्हणाले, "अब इस पर पॉलिसी क्या लिखें? सास को सर्क्युलर भेजें?"

लिहिलं. सर्व्हेत प्रश्न घातला: तुम्ही स्वतः काय खाल्लंत? आणि बायकांसाठीचा सरकारी आहार पाकिटातून घरी न पाठवता अंगणवाडीतच बसवून वाढायचा, कारण पाकीट घरी गेलं की ते सगळ्यांचं होतं. त्यावर दोन मीटिंगा भांडण झालं, कलम राहिलं. जनजागृतीचं वजन बरंच उतरलं.

काय शिजवलंस विचारलं की बाई मेनू सांगते. तू काय जेवलीस, एवढं विचारायला देशाला कमिटी बसवावी लागली.