बीप बंद करणारा हात

आमच्या रडार रूममध्ये यंत्र बोंबलायला लागल्यावर जो दचकायचा तो नवखा समजला जायचा. दोन विमानं एकमेकांच्या फार जवळ जाणार असं यंत्राला वाटलं, की स्क्रीनवर ती लाल होतात आणि बीप सुरू होतो. यंत्राला काय कळतंय? एकानं दहा हजार फुटांवर थांबायचं आणि दुसऱ्यानं नऊ हजारांवर, हे मी दोन्ही पायलटांना सांगून बसलेला असतो. यंत्र आपलं गळा काढतंय. दिवसातून कितीदा तरी. माझं बोट इतकं सरावलं होतं, की मी कॉफीचा घोट घेता घेता, न बघता बीप बंद करायचो. त्याचा मला गर्वही होता.

चेन्नईला बदली झाली तेव्हा शेजारच्या खुर्चीत निवृत्तीला टेकलेले एक गृहस्थ मिळाले. तंजावरकडच्या मराठी घराण्यातले, तिरुवल्लिकेणीत राहणारे. मराठी माणूस भेटला म्हणून दोन दिवस बरं वाटलं, तिसऱ्या दिवशी कंटाळलो. बखरीतलं मराठी आणि वर तमिळ हेल. कामाची तऱ्हा तर विचारूच नका. प्रत्येक बीपला हे पुढे वाकणार, चष्मा सावरणार, लाल झालेल्या दोन्ही विमानांची नावं मोठ्यानं वाचणार आणि मगच बटण दाबणार. पुढच्या बीपला पुन्हा तेच. त्यांच्या पाठीमागे आम्ही त्यांना 'यंत्राचे पुजारी' म्हणायचो. हे नाव मीच ठेवलं होतं, आणि ते त्यांच्या कानावर गेलेलं मला ठाऊक होतं.

एका दुपारी उड्डाण केलेल्या विमानाला पक्षी धडकला. एक इंजिन बंद, पायलट म्हणतोय परत येतो. मी त्याच्यासाठी वाट मोकळी करायला घेतली. उतरायला निघालेल्या एका विमानाला समुद्राकडे वळवलं, बाकीच्यांना थोपवलं. आवाज शांत, डोकं थंड. खोटं कशाला बोलू, स्वतःवर खूश होतो. अडचणीतलं विमान इतरांच्या जवळून येत होतं, त्यामुळे यंत्रानं थैमान घातलं. बीप, दाबलं. बीप, दाबलं. तिसऱ्या बीपला हात पुढे गेला आणि शेजारून कुणीतरी माझं मनगट घट्ट धरलं.

"इरुप्पा!" ते ओरडले. थांब. "पहा आधीं. ही दुसरी जोडी आहे."

मी चिडून हात सोडवायला गेलो, पण नजर स्क्रीनवर पडली. समुद्राकडे वळवलेल्या विमानाला मी वळ म्हणालो होतो, खाली येणं थांबव म्हणायचं राहिलं होतं. ते खाली येत होतं, आणि त्याच्या खाली, समुद्रावर, मीच थोपवून ठेवलेलं दुसरं विमान घिरट्या घालत होतं. दोन्ही माणसांनी भरलेली. मी वरच्या विमानाला ताबडतोब परत वर चढायला सांगितलं. ते चढलं. मग कुठे त्यांनी माझं मनगट सोडलं. मग कुठे त्यांनी माझं मनगट सोडलं.

संध्याकाळी अहवाल लिहायला बसलो. खरं लिहिलं असतं तर मला खुर्चीवरून उठवलं असतं, परीक्षा पुन्हा, कदाचित कायमचं एखाद्या कागदी टेबलावर. मी लिहिलं, 'अलर्ट येताच नियंत्रकानं स्वतःच्या निर्णयबुद्धीनं तत्काळ कारवाई केली.' वाक्य मलाच आवडलं. वरच्या ऑफिसातल्या साहेबांना फोनवर वाचून दाखवलं, त्यांना तर फारच आवडलं. ज्यांनी जन्मात एक विमान उतरवलं नव्हतं ते फोनवर मला अनुभवाचं महत्त्व सांगत होते. त्यांची मला कीव आली. स्वतःची यायला अजून एक दिवस होता.

अहवालावर शेजारच्या खुर्चीची सही लागते. दुसऱ्या दिवशी त्यांची सुट्टी होती, म्हणून कागद घेऊन मी त्यांच्या घरी गेलो. त्यांच्या पत्नीनं कॉफी आणून दिली. त्यांनी चष्मा लावून सगळा अहवाल सावकाश वाचला. त्यात त्यांचा उल्लेखच नव्हता.

"सर, काही बदलायचं असेल तर सांगा," मी म्हणालो. ते नाही म्हणतील याची मला खात्री होती, म्हणूनच विचारलं.

"तुमचें नेहमींचें बोलणें खरें," ते म्हणाले. "यंत्र उगाच ओरडतें. पण बापडें खोटें लिहीत नाहीं."

मग माझ्याच पेनानं त्यांनी सही केली, आणि कॉफी निवतेय, घ्या, म्हणाले.