पहिल्या बक्षिसाचे बाळ

माणसाच्या प्रत्येक वयाचे आरोग्य वेगळे असते, आणि ते सांभाळणे हे त्या त्या वयाचे पहिले कर्तव्य होय. हे वाक्य माझे नाही. सोलापुरातल्या ज्या धर्मादाय इस्पितळात मी नर्स होते, त्याच्या समितीने एक आरोग्यपुस्तिका छापली होती. तिची सुरुवात या वाक्याने होत असे. ते कायम करायला तीन बैठका लागल्या, आणि तिसऱ्या बैठकीत चिवडा संपल्यामुळे ते एकमताने मंजूर झाले.

पुस्तिकेत कोणतेही वय सुटले नव्हते. बाळांनी भरपूर झोपावे. मुलांनी मोकळ्या हवेत खेळावे. तरुणांनी पहाटे थंड पाण्याने स्नान करावे, प्रौढांनी जेवणानंतर शतपावली घालावी आणि वृद्धांनी राग टाळावा. उपदेश चांगलेच होते. अडचण एवढीच की आमचे इस्पितळ गिरणीच्या वस्तीत होते आणि ज्यांच्यासाठी पुस्तिका छापली त्यांच्यापैकी फार थोड्यांना वाचता येत होते. म्हणून रोज सकाळी औषधाच्या रांगेपुढे उभे राहून ती मोठ्याने वाचण्याचे काम माझ्याकडे आले. गावात तीस सालचा मार्शल लॉ येऊन गेला त्यानंतरची ती एकदोन वर्षे. सरकारी थाटात कोणी काही वाचू लागले की लोक आधी दचकत, मग हसत.

"थंड पाण्यानं आंघूळ करतो की," एक विणकर म्हणाला. "नळाला पाणी कवा येतंय ते लिवलंय का त्यात?"

"आन शतपावली भोंग्याच्या आदी घालायची का नंतर?" मागून कोणीतरी विचारले.

खोकल्याच्या औषधासाठी नेहमी येणारी एक म्हातारी होती. तिने शेवटचा उपदेश मला दोनदा वाचायला लावला. "म्हाताऱ्यानी राग करायचा न्हाय? मग सुनंला बोलायचं कुनी? डाक्टरसाब येनार हायत का घरला?"

तिची सून शेजारीच होती. दुधनीकडची पोर, गिरणीत सुताच्या कांड्या भरायच्या खात्यात कामाला. ती पदराआड हसली. तिच्या मांडीवर चारपाच महिन्यांचा मुलगा झोपलेला होता. सगळ्या रांगेत पुस्तिकेवर खूश असलेली ती एकटीच.

"आमचं बाळ तेवढं कागदापरमानं वागतंय बगा बाई," ती म्हणाली. "झोपलं की झोपलंच. उटवावं लागतंय."

मी मान डोलावली आणि पुढच्याला औषध दिले. त्या मान डोलावण्याबद्दल मी पुढे बरेच दिवस स्वतःवर चिडून होते.

त्या काळी गिरणीत जाणाऱ्या बहुतेक बायका तान्ह्या पोराला अफूची गोळी देत. मोहरीएवढी गोळी, तिला बाळगोळी म्हणत. अफू परवान्याच्या दुकानात उघड मिळे. गोळी दिली की पोर पाचसहा तास हलत नसे. मशीनच्या बाजूला झोळीत टांगा, नाहीतर घरी म्हातारीजवळ ठेवा, आईचे काम सुरळीत होई. यात कोणाला काही वावगे वाटत नव्हते. या बायका स्वतः अशाच गोळीवर वाढल्या होत्या. जी पोरे वाढली नाहीत ती सांगायला आली नव्हती. डॉक्टर एकेकीला समजावत. बायका "व्हय साहेब" म्हणत आणि दुसऱ्या दिवशी भोंग्याच्या आधी गोळी देत. दुसरे करणार तरी काय? मलाही त्यांच्या जागी दुसरे काही सुचले नसते.

अशात समितीने बालप्रदर्शन भरवायचे ठरवले. सर्वांत सुदृढ बाळाला चांदीची वाटी. समितीचे अध्यक्ष निवृत्त मामलेदार होते. माणूस सरळ, पण जन्म कचेरीत गेलेला. आपण बोलताना समोरच्याने गप्प बसावे यापलीकडे सद्गुणाची त्यांची फारशी कल्पना नव्हती. डॉक्टरांनी गुणांची यादी केली: वजन, दात, त्वचा, डोळे. अध्यक्षांनी तिच्यात स्वतःच्या हाताने एक रकाना वाढवला, "वर्तणूक". त्याला सगळ्यांत जास्त गुण ठेवले.

"सहा महिन्यांच्या मुलाची वर्तणूक, रावसाहेब?" डॉक्टरांनी विचारले.

"शिस्त पाळण्यातच लागते, डॉक्टर."

डॉक्टरांनी माझ्याकडे पाहिले. मी कापसाचे बोळे मोजू लागले.

रविवारी गिरणीला सुट्टी, म्हणून प्रदर्शन रविवारी सकाळी. आवारात मांडव घातला, पताका लावल्या. पन्नासएक बायका पोरांना न्हाऊमाखू घालून, तीट लावून आल्या. तेलुगु, कानडी, मराठी, दख्खनी अशा सगळ्या भाषांत समजूत घालणे चालले होते आणि पोरे एकाच भाषेत रडत होती. अध्यक्ष एकेका बाळापुढे जात, ते भोकाड पसरी आणि अध्यक्ष वर्तणुकीच्या रकान्यात शून्य मांडून पुढे सरकत. डॉक्टरांना तेवढ्यात एका अपघाताच्या रोग्यासाठी आत बोलावले होते. वजने मी करत होते.

दुधनीकडच्या सुनेचे बाळ शांत होते. अध्यक्ष त्याच्यापुढे थांबले. त्यांनी चुटकी वाजवली. बाळ हलले नाही. त्यांनी घसा खाकरला. बाळ हलले नाही.

"पाहा," ते लोकांकडे वळून म्हणाले, "याला म्हणतात संस्कार."

तिथेच त्यांनी निकाल सांगून टाकला. टाळ्या पडल्या. म्हातारीचे तोंड अभिमानाने फुलले होते. सून वाटी घ्यायला पुढे झाली तेव्हा वजनासाठी बाळ माझ्या हातात आले. ते ओल्या कणकेसारखे लोंबत होते. मी पापणी वर केली. बुबुळाच्या मधोमध टाचणीच्या टोकाएवढा ठिपका होता. ओठ निळसर. श्वास येत होता, पण पुढचा येईल की नाही याची वाट पाहावी लागत होती.

"किती गोळ्या दिल्या?" मी विचारले.

"रोजची एकच की," सून म्हणाली.

म्हातारीच्या चेहऱ्यावरचा रंग उतरला. "म्या आनिक एक दिली," ती म्हणाली. "साहेबलोकांम्होरं रडंल म्हनून."

मी बाळ घेऊन धावले. मांडवात भाषणे सुरू झाली होती, त्यामुळे कोणी अडवले नाही.

डॉक्टरांनी नळी घालून पोटॅशच्या जांभळ्या पाण्याने बाळाचे पोट धुतले. मग बिनदुधाची कडक कॉफी थेंबाथेंबाने आत सोडली. मी तळव्यांना टिचक्या मारत होते, गार पाण्याचा बोळा तोंडावरून फिरवत होते. श्वास थांबतोसे वाटले की डॉक्टर त्याची छाती दोन बोटांनी दाबत. सून भिंतीला टेकून उभी होती. आमच्याशी मराठी बोलणारी ती पोर आता माहेरच्या कानडीत एकच सांगत होती, "एळो मगा, एळो." ऊठ रे बाळा, ऊठ. हातात चांदीची वाटी तशीच. ती खाली ठेवावी हे तिला सुचत नव्हते. म्हातारी दाराबाहेर उंबऱ्याशी बसली होती. तिला आत ये म्हटले तर आली नाही. मांडवातल्या बायकांना सुगावा लागला होता, त्या एकेक करून खिडकीशी येऊन उभ्या राहिल्या. मांडवात भाषण ऐकायला शेवटी पुरुषच उरले.

किती वेळ गेला ते भाषणांवरून सांगते. तिसरे भाषण शिस्तीवर होते, ते अध्यक्षांचे. ते मध्यावर आले असेल तेव्हा बाळाने कपाळाला आठी घातली. मी तळव्याला जोरात टिचकी मारली. त्याने पाय ओढून घेतला, तोंड उघडले, आणि आधी मांजराच्या पिलासारखे, मग जरा मोठ्याने, मग सगळ्या ताकदीनिशी ते रडले.

तसा आवाज मी त्यानंतर कुठल्या गवयाकडूनही ऐकला नाही. खिडकीतल्या बायका एकदम बोलू लागल्या. सून मटकन खाली बसली आणि तीही रडू लागली. आता दोघांचा आवाज मांडवापर्यंत जात होता.

अध्यक्ष तरातरा आत आले. "काय चाललंय हे? कोण रडतंय?"

डॉक्टर हात पुसत होते. "पहिलं बक्षीस, रावसाहेब," ते म्हणाले.

मग त्यांनी अध्यक्षांना सगळे सांगितले, थोडक्यात आणि काही न गाळता. अध्यक्षांनी वाकून बाळाकडे पाहिले. बाळ त्यांच्याकडे बघून पुन्हा रडले. अध्यक्ष बाहेर गेले. भाषण त्यांनी पुरे केले नाही. माझ्या माहितीत असे पहिल्यांदाच घडत होते.

इथे गोष्ट संपली असती तर सोपे झाले असते. डॉक्टरांनी सुनेला बजावले, "आजपासून गोळी बंद. एकसुद्धा नाही."

"न्हाय देत साहेब," ती म्हणाली. "पन मग कामाला कशी जाऊ? घरला ठिवलं तर भुकंनं रडतंय. संगं न्हेलं आन तितं रडलं तर मुकादम हाकलून देतोय. काम सुटलं तर खायाचं काय?"

पुस्तिका टेबलावर पडलेली होती. तिच्यात याला उपाय नव्हता.

उत्तर आले ते उंबऱ्यावरून. म्हातारी तिथूनच म्हणाली, "रडू दे की. तितंच रडू दे. गिरनीत."

"आत्या, मुकादम घिऊ देनार न्हाय."

"एकलीला घिऊ देनार न्हाय. समद्याजनी न्ह्या." ती आता उठून उभी राहिली होती. "ह्यो घोळ म्या केलाय. म्या सांगते समद्यांस्नी. दारोदार जाते."

ती खरोखर दारोदार गेली. बाळ आमच्याकडे तीन दिवस होते, तेवढ्यात तिने वस्ती पालथी घातली. त्या खिडकीशी उभ्या राहिलेल्या बायका होत्याच. फार सांगावे लागले नाही.

गुरुवारी सकाळी गिरणीतून निरोप आला. मॅनेजरांनी डॉक्टरांना तातडीने बोलावले होते. कांड्यांच्या खात्यात लहान मुलांत कसली तरी साथ पसरली आहे, तपासून जावे.

आम्ही गेलो. त्या खात्यात यंत्रांची घरघर काही कमी नसते, पण ती त्या दिवशी ऐकू येत नव्हती. तीसेक झोळ्या टांगलेल्या, आणि गोळी न घेतलेली तीसेक पोरे भुकेने आकांत करत होती. बायका मान खाली घालून काम करत होत्या. दर दोन मिनिटांनी कोणीतरी मशीन थांबवून पोराला अंगावर घेई. सूत तुटत होते. मुकादम कानांवर हात ठेवून उभा होता. म्हातारीची सून दुसऱ्या रांगेत होती. तिच्या झोळीतून येणारा आवाज मी ओळखला.

डॉक्टरांनी कानाला नळी लावून एकेक बाळ तपासले. मुद्दाम सावकाश तपासले. मॅनेजर मागे मागे फिरत होते.

"काय आहे डॉक्टर? घटसर्प तर नाही?"

"नाही. सगळी धडधाकट आहेत. म्हणूनच रडतात."

"मग उपाय?"

डॉक्टरांनी तिथेच उभ्या उभ्या कागदावर लिहून दिले. निदान: भूक. औषध: आईचे दूध, पाळीत दोनदा. पथ्य: अफू वर्ज्य. खाली सही केली.

मॅनेजर कागद वाचून हसले नाहीत, पण त्यांनी तो फाडलाही नाही. दुसरा दिवसही तसाच गेला. मुकादमाने बायकांना काढून टाकू म्हटले, तेव्हा कोणीतरी त्याला कांड्या भरून दाखवायला सांगितले. तिसऱ्या दिवशी खात्यालगतची कापसाची जुनी खोली रिकामी झाली. भिंतींना चुना मारला, झोळ्यांसाठी दांडे ठोकले, बायकांना पाळीत दोनदा पोराकडे जायची परवानगी मिळाली. राखणीला पगारी बाई हवी होती. त्यांनी म्हातारीला ठेवले. रुजू होताना तिने एकच अट घातली: खोलीत येणाऱ्या प्रत्येकीचा बटवा ती आधी उलटा करून बघणार.

सून कामावर राहिली. बाळाला दात आले, अंग धरले, आणि मुकादम दिसला की ते हटकून रडे. पुढच्या वर्षभरात त्या खात्यातले गोळी घेतलेले एकही पोर आमच्याकडे आले नाही. इतर गिरण्यांतल्या बायका येऊन खोली बघून गेल्या, आणि त्यांच्या मॅनेजरांनाही लवकरच साथीची भीती वाटू लागली.

खोलीचे रीतसर उद्घाटन मात्र राहिले होते. ते अध्यक्षांच्या हस्ते झाले. हारतुरे आले, मॅनेजरांनी खुर्च्या मांडल्या. बायका पोरांना घेऊन समोर जमिनीवर बसल्या. अध्यक्षांनी या थोर कार्याची प्रेरणा समितीच्या पुस्तिकेतून कशी मिळाली ते सांगायला सुरुवात केली. मग ते बाल्याकडे वळले, बाल्याकडून राष्ट्राकडे, आणि राष्ट्राकडून प्राचीन काळाकडे. ते पाऊण तास बोलले. दहाव्या मिनिटाला सगळी बाळे झोपी गेली होती. म्हातारीने बटवे तपासले होते. कोणालाही काही दिलेले नव्हते.