साहेबांच्या रिव्हॉल्व्हरची टेस्ट

नवऱ्याच्या साहेबांनी रिव्हॉल्व्हर घेतलं, तेव्हा टोकियोच्या निशी-कसाई भागातल्या आम्हा मराठी मंडळींच्या ग्रुपवर त्याचे इतके फोटो आले, की कुणाच्या घरी बारसं आहे असं वाटावं. जुन्या काळी दारू ठासून उडवायचे ना, तसलं. म्हणजे त्याची नक्कल. खरं असलं काही घरात ठेवलं तर जपानी पोलीस दारात येऊन उभे राहतील, एवढी अक्कल साहेबांना होती. हे आपलं प्लास्टिकचं, गॅसवर चालणारं, भिजलेल्या साबुदाण्याएवढे छर्रे मारणारं खेळणं.

साहेब मूळचे कोथरूडचे, जपानात येऊन जमाना झालेले. घरी चहाला बोलवायचे आणि चहा बाजूलाच. आधी चेंबरमध्ये दारू ओतायची, मग गोळी ठेवायची, मग हा खालचा दांडा ओढून ठासायचं, असं सगळं करून दाखवायचे. दारू नाही, गोळी नाही, नुसते हातवारे. त्यांची बायको चिवड्याची बशी धरून उभी, कारण टीपॉयवर रिव्हॉल्व्हर ठेवलेलं. आम्ही ‘वा वा’ म्हणायचं. सगळ्यात मोठा ‘वा’ माझ्या नवऱ्याचा असायचा.

त्याचंही एक कारण होतं, ते सांगून टाकते. नवऱ्याचा करार मार्चअखेर संपत होता. पुढे वाढवायचा की नाही, हे दोघांच्या हातात. एक हे साहेब, आणि त्यांच्यावर खात्याचे जपानी प्रमुख, ज्यांना ऑफिसात सगळे बुचो म्हणतात. करार गेला की कंपनीचं घर गेलं, आणि आमची मुलगी जपानी शाळेत चौथीत. मराठीत विचारलं तर जपानीत उत्तर देणारी. तिला उचलून पुण्यात कुठल्या शाळेत घालणार होतो? त्या हिवाळ्यात आमच्या घरात दुसरा विषयच नव्हता. म्हणून नवरा साहेबांच्या प्रत्येक वाक्याची री ओढायचा, आणि मी ते बघून दात-ओठ खायचे.

आता गंमत अशी, की साहेबांना नेम काही धरता येईना. शहरात भाड्याने मिळणाऱ्या शूटिंग रेंज असतात, तिथे दर रविवारी जाऊन ते कागदाची चाळण करून यायचे. चाळण, पण मधला काळा गोल शाबूत. एवढं झाल्यावर माणूस म्हणेल, बाबा रे, आपल्याला जमत नाही. साहेब म्हणाले, पीसच सदोष आहे. दुकानदाराने नम्रपणे सांगितलं की कारखान्यात तपासूनच माल येतो. झालं. साहेबांचा इगो दुखावला. त्यांनी जाहीर केलं की आता शास्त्रशुद्ध अचूकता-चाचणी होणार. वाळूच्या पिशवीवर रिव्हॉल्व्हर टेकवायचं, म्हणजे हाताचा प्रश्नच उरत नाही, आणि छर्रे कुठे जातात ते बघायचं. ती चाचणी करणार कोण? तर माझा नवरा, कारण तो ऑफिसात टेस्टर. दुसऱ्यांनी बनवलेली सॉफ्टवेअरं तपासून पास की नापास ते सांगतो. आणि बघायला कोण? साक्षात बुचो. तरुणपणी ते किल्ल्यावरच्या उत्सवात तोड्याच्या बंदुकीचे बार काढणाऱ्या मंडळात होते, असं कधीतरी जेवताना बोलले होते. साहेबांना तेवढं पुरलं.

फॅमिलीसकट या, असा हुकूम होता. मुलीला शेजारच्या ओबासानकडे, म्हणजे जपानी मावशींकडे, ठेवलं आणि आम्ही दोघं निघालो. तोझाई लाइनच्या गाडीत नवरा हळूच म्हणाला की रिव्हॉल्व्हर चांगलं निघालं तर बुचोंसमोर साहेबांचं हसं होईल. त्यापेक्षा ते वाईट निघालेलं बरं. मी त्याच्याकडे बघतच राहिले. म्हटलं, तू टेस्टर आहेस ना, मग टेस्ट कर. तर म्हणे, तुला ऑफिस कळत नाही. बरोबरच आहे, मला कुठलं कळायला.

रेंज एका अरुंद इमारतीच्या वरच्या मजल्यावर. आत शिरलो की प्रत्येकाला प्लास्टिकचा चष्मा. साहेबांनी स्वतःचा आणला होता, आणि कातड्याचा पट्टाही, कमरेला रिव्हॉल्व्हर अडकवायला. पोट पट्ट्यावरून खाली ओघळलेलं. त्यांच्या बायको, म्हणजे आमच्या वहिनी, फोनवर शूटिंग करत होत्या. बुचो साध्या स्वेटरमध्ये, हात मागे बांधून, भिंतीला टेकून उभे.

आधी साहेबांनी हाताने मारले. सहा छर्रे, सहा दिशांना. एक तर कागदालाही लागला नाही. साहेब वळून म्हणाले, बघितलंत, पीसच असा आहे. मग वाळूची पिशवी आली, नवीन कागद लागला, आणि माझा नवरा खुर्चीत बसला. त्याने रिव्हॉल्व्हर टेकवलं, एक डोळा मिटला आणि सावकाश एकेक करत सहाही मारले. मी त्याला भाजी निवडतानासुद्धा इतकं एकाग्र झालेलं बघितलेलं नाही.

कागद जवळ आणला. सहाही भोकं डाव्या खालच्या कोपऱ्यात. मधला गोल कोरा. साहेबांचा चेहरा असा फुलला, की काय सांगू. सगळे डावीकडे खाली जातात, मी पहिल्या दिवसापासून सांगतोय, असं ते बुचोंना जपानीत आणि आम्हाला मराठीत सांगत सुटले. नवरा मान डोलावत होता. त्या मानेला कुणीतरी ग्रीस घालून ठेवलं असावं.

बुचो पुढे आले. त्यांनी खिशातून पाचशे येनचं नाणं काढलं आणि त्या भोकांवर ठेवलं. सहाही नाण्याखाली झाकली गेली. मग त्यांनी साहेबांचा आधीचा कागद उचलला, त्यावर सगळीकडे पसरलेली भोकं बघितली, आणि परत नाण्याकडे बघितलं. मला बंदुकीतलं काही कळत नाही, पण एवढं मलाही तिथल्या तिथे कळलं. जे रिव्हॉल्व्हर खराब, ते सहा छर्रे एकाच जागी कसे टाकील? आणि ते डावीकडेच ओढत असेल, तर साहेबांचे छर्रे चहूकडे कसे गेले? माझ्या शहाण्या नवऱ्याला वाईट टेस्ट करायची होती, तर छर्रे विखरून तरी टाकायचे. तेवढंही जमलं नाही. खोटंही त्याने नीटनेटकं केलं.

बुचोंनी अगदी अदबीने विचारलं, मी एकदा मारून बघू का? खुर्चीत बसले, त्याच पिशवीवर तेच रिव्हॉल्व्हर टेकवलं आणि सहाही मधल्या काळ्या गोलात घातले. उठले, रिव्हॉल्व्हर दोन्ही हातांनी साहेबांना परत दिलं आणि म्हणाले, छान रिव्हॉल्व्हर आहे. बस्स. नवऱ्याकडे त्यांनी बघितलंसुद्धा नाही.

साहेबांना काही म्हणजे काही कळलं नाही. बुचो म्हणजे शेवटी सामुराईच, खराब पीसनेही नेम साधतात, असं जेवताना चारदा म्हणाले. तो व्हिडिओही ग्रुपवर टाकला. नवरा ताटातला भात नुसता चिवडत होता. मला मात्र चांगली भूक लागली होती, मी जेवले. कुणाच्या मूर्खपणापायी उपाशी राहण्याइतकी मी साधी नाही.

फेब्रुवारीत बुचोंनी नवऱ्याला खोलीत बोलावलं. साहेबांनी शिफारस केली होती, भरभरून केली होती. तेवढं त्यांनी केलं, ते मी मान्य करते, आणि त्याचा उपयोग शून्य झाला, हेही सांगते. बुचोंनी चहा मागवला, मुलीची चौकशी केली, आणि मग म्हणाले, “तुमचा नेम उत्तम आहे. मला भीती त्याचीच वाटते.”

माझ्या नवऱ्याने वाकून आभार मानले. त्याला पहिल्या अर्ध्या वाक्यात कौतुक ऐकू आलं आणि दुसरं अर्धं, म्हणजे निकाल हवा तिथे पाडणारा टेस्टर नको आणि करार वाढणार नाही, हे तो लिफ्टमध्ये पोहोचल्यावर समजलं. घरी येऊन त्याने मला हे सगळं जसंच्या तसं सांगितलं, बूटही न काढता, दारातच उभा राहून. ओरडायचं असं मी ठरवलं होतं. त्याऐवजी त्याचे बूट मीच ओढून काढले आणि कोपऱ्यात आपटले.

मुलीला सांगायचं काम माझ्यावर आलं. नवरा सोफ्यावर बसून होता. मार्चनंतर आपण इथे नसू, हे ऐकून ती रडली नाही, तिने वही मिटली. मग जपानीत विचारलं, हे कोणी ठरवलं. साहेबांचं नाव घ्यावं असं एकदा मनात आलं, बुचोंचंही आलं. नवऱ्याने मान वर करून माझ्याकडे बघितलं.

मी मराठीत सांगितलं, “बाबांनी.”